गुडघ्याची कंडरा जोडल्यानंतरचे वर्ष : नव्या रुग्णांसाठी मार्गदर्शक

गुडघ्याची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात : वयस्कर माणसांचे सांधेरोपण आणि खेळाडूंचे 'लिगामेंट'. कंडरा, म्हणजे टेंडन, तुटणे हा तिसरा प्रकार फारसा कोणाला ठाऊक नसतो आणि म्हणूनच अशा रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला दुसऱ्याच गुडघ्याचा सल्ला देऊन जातो. "आमच्या काकूंना तिसऱ्या दिवशी गुडघा वाकवायला लावला होता, तुम्ही अजून सरळच ठेवलाय?" हे वाक्य मी पहिल्या महिन्यात निदान दहा जणांकडून ऐकले. काकूंचा सांधा बदललेला होता, माझी कंडरा हाडाला शिवलेली होती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मी डॉक्टर नाही. एक्कावन्नाव्या वर्षी, आषाढातल्या एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन इमारतीचा जिना उतरत असताना ओल्या पायरीवरून माझा पाय सटकला, पडू नये म्हणून मी मांडीचा सगळा जोर लावला आणि त्याच क्षणी गुडघा अंगाच्या वजनाखाली दुमडला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्यानंतरच्या वर्षभरात जे समजले, आणि जे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, ते येथे क्रमाने मांडले आहे. तुमच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांचे वेळापत्रक यातल्या आकड्यांपेक्षा वेगळे असेल तर त्यांचेच खरे मानावे, कारण शिवण किती मजबूत बसली आहे हे फक्त त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

नेमके काय तुटले आहे, ते समजून घ्या

मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू खाली एकत्र येऊन एका जाड कंडरेने गुडघ्याच्या वाटीला वरून जोडलेले असतात. वाटीच्या खालून दुसरी कंडरा निघते आणि नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याला जाऊन मिळते. दोराला मध्ये कप्पी लावावी तशी ही रचना आहे आणि तिच्याच जोरावर आपण गुडघा सरळ करतो. वाटीवरची कंडरा बहुधा चाळिशीनंतर तुटते, वाटीखालची बहुधा त्याआधी, खेळताना किंवा उडी मारताना. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, गाउट (युरिक ॲसिड वाढून होणारा सांधेदुखीचा आजार), दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके यांनी कंडरा कमकुवत होऊ शकते, म्हणून यांपैकी काही तुमच्या बाबतीत असेल तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. उताणे झोपून गुडघा न वाकवता पाय बिछान्यावरून उचलता येतो का, ते पाहावे. कंडरा पूर्ण तुटली असेल तर पाय उचलला जात नाही आणि वाटीच्या वर किंवा खाली बोटाला खळगा लागतो. मला पहिल्या दवाखान्यात 'मुका मार आहे' असे सांगून क्रेप बँडेज बांधून परत पाठवले गेले, कारण एक्स-रेत हाड शाबूत दिसत होते. पाय उचलून दाखवायला कोणी सांगितलेच नाही. त्यात नऊ दिवस गेले. हे दिवस महत्त्वाचे असतात, कारण कंडरा तुटलेला स्नायू वर आखडत जातो आणि दोन-तीन आठवडे उलटल्यावर त्याचे टोक ओढून वाटीपर्यंत आणणे अवघड होत जाते.

शस्त्रक्रियेत कंडरेच्या टोकातून जाड धागे विणून घेतात आणि ते वाटीच्या हाडात पाडलेल्या बारीक छिद्रांतून ओवून किंवा हाडात बसवलेल्या अँकरला बांधून टोक हाडाशी घट्ट आणतात. पुढच्या दीड महिन्यात तुम्ही जे काही कराल किंवा टाळाल, ते सगळे या धाग्यांवर ताण येऊ न देता हाड आणि कंडरा एकमेकांना धरू लागावीत यासाठीच असते.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी लिहून घेण्याच्या गोष्टी

घरी सोडण्याच्या दिवशी कागदपत्रे, बिल आणि विम्याची मंजुरी यांच्या गडबडीत डॉक्टरांशी पाच मिनिटेही धड बोलणे होत नाही. म्हणून प्रश्न आदल्या दिवशीच कागदावर काढून ठेवावेत आणि उत्तरेही लिहूनच घ्यावीत. सर्वांत मोलाचा प्रश्न मला फिजिओथेरपिस्टनी सुचवला : शिवण झाल्यावर, रुग्ण भुलीत असतानाच, गुडघा वाकवून पाहिला असता किती अंशांपर्यंत धाग्यांवर ताण आला नाही? बहुतेक डॉक्टर हे टेबलावरच पाहतात. माझ्या बाबतीत तो आकडा साठ होता आणि पुढचे सहा आठवडे आमचा सगळा हिशेब त्या साठावर चालला.

त्याखेरीज पायावर किती वजन टाकायचे, ब्रेस (पायाला बांधायचा, बिजागरी असलेला आधार) कोणत्या तारखेपर्यंत कुलूपबंद, म्हणजे न वाकणारा, ठेवायचा, रात्री काढायचा की नाही, गुडघा वाकवायला कधी सुरुवात करायची, पाय स्वतःच्या ताकदीने उचलायची परवानगी कधी मिळेल, रक्त पातळ ठेवण्याचे औषध किती दिवस घ्यायचे आणि टाके कधी निघणार, हे विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद मागून घ्यावा, केवळ डिस्चार्ज कार्डावर भागवू नये, कारण पुढे फिजिओथेरपिस्ट तोच पाहायला मागतो. ब्रेस आणि वॉकर यांची पावती वेगळी जपून ठेवावी. अनेक पॉलिसींत या वस्तूंचे पैसे मिळत नाहीत, पण मागितल्याशिवाय ते कळतही नाही.

घर आधी तयार करा

कुलूपबंद ब्रेस लावलेला पाय म्हणजे मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत बांधलेली एक न वाकणारी काठी असते. त्या पायाने आपल्या घरात वावरून पाहिले म्हणजे घरातली प्रत्येक गोष्ट किती बुटकी आणि किती अरुंद आहे, हे लक्षात येते. पलंग मांडीच्या मध्यापर्यंत उंच असावा. खाली गादी घालून झोपण्याची सवय असेल तर ती काही महिने विसरावी. दारातले पायपुसणे, सतरंज्या, जमिनीवरून गेलेल्या वायरी काढून टाकाव्यात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर एक दिवा जळत राहील अशी सोय करावी.

खरा प्रश्न शौचालयाचा असतो आणि संकोचापोटी तो रुग्णालयात कोणी विचारत नाही. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवे बसण्यासाठी गुडघा सुमारे एकशे तीस अंश किंवा त्याहून जास्त वाकावा लागतो, त्यामुळे निदान चार-सहा महिने तो विषय संपला असे समजावे. बसण्याच्या जागी मोकळी असलेली कमोड खुर्ची मिळते आणि ती सरळ त्या भांड्यावर ठेवता येते. मात्र तिचे चारही पाय सपाट फरशीवर टेकतात की उतारावर डुगडुगतात, हे घरच्या कोणीतरी आधी बसून पाहावे. पाश्चात्य कमोड असला तरी सरळ पाय पुढे कोठे पसरायचा, ही अडचण उरतेच. आमच्याकडे पाय दाराला अडत असे, म्हणून सहा आठवडे दार उघडे ठेवून बाहेर पडदा लावला होता. टाचेखाली एक छोटा पाट ठेवला तर मांडीखाली येणारा ताण कमी होतो. आतून कडी लावू नये. अंघोळ प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून करावी आणि टाके निघून जखम सुकेपर्यंत तिच्यावर पाणी पडू देऊ नये. उठण्यापूर्वी फरशी कोणीतरी कोरडी पुसून दिली पाहिजे. नवी शिवण तुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे पडणे, आणि पडण्याची हमखास जागा म्हणजे ओले न्हाणीघर.

कपड्यांबद्दल एवढेच सांगतो की पुरुषांनी लुंगी आणि स्त्रियांनी सैल गाऊन यांखेरीज काहीही घालण्याचा खटाटोप पहिले पंधरा दिवस करू नये.

पहिले दोन आठवडे

कमरेतून दिलेली भूल उतरल्यावर पाय हलू लागतो, पण मांडीच्या शिरेजवळ वेगळे इंजेक्शन दिलेले असेल तर तो आणखी बराच वेळ बधिर आणि परका वाटतो. अशा वेळी कोणाच्या आधाराशिवाय उभे राहू नये, मग लघवीची घाई कितीही असो. दुखणे पहिले तीन दिवस चांगलेच असते. गोळ्या दुखू लागल्यावर न घेता सांगितलेल्या वेळी घेतल्या तर कमी लागतात, असा माझा अनुभव आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ओळखीच्या दुकानातून आणलेली वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि सरळ पायाने कमोडवर बसून कुंथणे ही शिक्षाच असते, म्हणून डॉक्टरांना विचारून इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करावे.

पाय उंच ठेवताना जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो आणि ती घरची माणसे प्रेमापोटी करतात : गुडघ्याखाली उशी सरकवतात. त्यामुळे बरे वाटते, पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडू लागतो. उशी टाचेखाली आणि पोटरीच्या खालच्या भागाखाली असावी, गुडघ्याखालची जागा मोकळी राहावी आणि पाय हृदयापेक्षा उंच असावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा लावावा. थेट कातडीवर ठेवू नये, विशेषतः गुडघ्याभोवती बधिरपणा असेल तर, कारण कातडी भाजल्यासारखी झाली तरी ते कळत नाही.

या काळातला व्यायाम दिसायला क्षुल्लक असतो. घोटा वर-खाली हलवत राहणे, दर तासाला वीस वेळा, हा पहिला. त्याने पोटरीतले रक्त साकळत नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तर दुसरा : ब्रेसमध्येच, पाय सरळ असताना मांडीचा स्नायू हलकेच आवळून पाच सेकंद धरणे. पहिल्या दिवशी मी आवळण्याचा आदेश देत होतो आणि मांडी तशीच पडून होती, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी. चौथ्या दिवशी वाटीच्या वर कातडी किंचित थरथरली. ती थरथर पाहण्यासाठी बायको चष्मा लावून वाकून बसली होती.

ब्रेस लावताना बिजागरी वाटीच्या मध्याच्या समोर आली पाहिजे. मांडी दिवसागणिक बारीक होत असल्याने तो खाली घसरत राहतो आणि दिवसातून दोनदा वर ओढून पट्टे पुन्हा बांधावे लागतात. आत सुती मोजा किंवा स्टॉकिनेट घालावे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा जो छोटा गोळा हाताला लागतो त्याच्यावर पट्टा कधीही घट्ट आवळू नये, कारण तेथून अगदी वरवर एक मज्जातंतू जातो. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या किंवा अंगठा वर उचलता येईनासा झाला तर पट्टे लगेच सैल करून डॉक्टरांना कळवावे.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची ती लक्षणे असू शकतात. ताप, वाढती लाली, जखमेतून पू किंवा सतत ओल, तसेच अचानक 'फट्' होऊन गुडघ्यातला जोर जाणे, हेही फोनवर सांगून भागवण्यासारखे नाही.

जेवणात डाळ, उसळ, अंडी, पनीर, मासे असे प्रथिनांचे पदार्थ वाढवावेत, मधुमेह असल्यास साखर काटेकोर ठेवावी, आणि तंबाखू, मशेरी, सिगारेट पूर्ण बंद ठेवावी, कारण त्यांनी जखम आणि कंडरा दोन्ही भरून यायला उशीर होतो.

चालणे आणि जिना

ब्रेस कुलूपबंद असेल तर अनेक डॉक्टर सोसेल तेवढे वजन टाकून चालू देतात आणि हे ऐकून रुग्ण चकित होतो. गुडघा पूर्ण सरळ असताना अंगाचा भार हाडांमधून खाली जातो आणि कंडरेवर फारसा ताण येत नाही. ताण येतो तो वाकताना. म्हणून चालायला परवानगी आणि खुर्चीतून ब्रेसशिवाय उठायला बंदी, यात विसंगती काहीच नाही. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, असा क्रम ठेवावा.

जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, मग दुखरा पाय आणि कुबडी त्याच पायरीवर आणावी. उतरताना आधी कुबडी आणि दुखरा पाय खाली, मग चांगला पाय. एका हाताने कठडा धरावा आणि दोन्ही कुबड्या दुसऱ्या बाजूला घ्याव्यात. एक माणूस सोबत असावा, चढताना मागे आणि उतरताना पुढे, आणि त्याने हात न धरता कमरेचा पट्टा धरावा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्रेचाळीस पायऱ्या. पहिल्या दिवशी त्यांतल्या अठरा मी उभ्याने चढलो आणि उरलेल्या पायरीवर बसून, हात आणि चांगल्या पायाच्या जोरावर पाठमोरा वर सरकत पार केल्या. शेजाऱ्यांना ते पाहून वाईट वाटले, पण हा प्रकार उभ्याने चढण्यापेक्षा सुरक्षित आहे आणि लाज वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही.

बसून करण्याची कामे लवकर सुरू करता येतात. १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा फ्लोरिडात गोल्फपटू ग्रेग नॉर्मन यांच्या घरी पायऱ्यांवर पाय चुकला आणि वाटीवरची कंडरा अर्धवट फाटली. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याच्या आत ते चाकांच्या खुर्चीतून हेलसिंकीच्या शिखर परिषदेला गेले. त्यांच्याकडे स्वतःचे विमान होते, हे मात्र रजेचा अर्ज करताना साहेबांच्या लक्षात आणून द्यावे.

तिसरा ते सहावा आठवडा : वाकवण्याची सुरुवात

टाके किंवा पिना साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी गुडघा मोजूनमापून वाकवायला सुरुवात होते. काही डॉक्टर पहिल्या आठवड्यापासून थोडे वाकवू देतात, काही सहा आठवडे पूर्ण सरळ ठेवतात, आणि अर्धवट व पूर्ण तुटीतही फरक असतो. सर्वसाधारण चाल अशी की तीस अंशांपासून सुरुवात करून दर आठवड्याला दहा-पंधरा अंश वाढवावेत आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास साठ ते नव्वदपर्यंत पोहोचावे.

या टप्प्यावरचा एक नियम डोक्यात पक्का बसला पाहिजे : वाकवणे स्वतः, सरळ करणे दुसऱ्याच्या ताकदीने. पलंगावर पाय पसरून बसावे, टाचेखाली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी किंवा मोजा घ्यावा आणि टाच आपल्याकडे सरकवत न्यावी. ठरलेल्या कोनावर दहा सेकंद थांबावे. मग पावलाभोवती घातलेल्या चादरीची दोन्ही टोके धरून पाय हाताने ओढून सरळ करावा, मांडीच्या स्नायूने नव्हे. पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा असेल तर चांगला पाय आधी दुखऱ्याच्या घोट्याखाली घालावा, त्याच्या आधाराने हळूहळू खाली न्यावा आणि त्याच आधाराने वर आणावा. लोंबकळलेला पाय झटक्यात वर उचलण्याचा मोह होतो. तोच एक झटका धाग्यांना झेपत नाही.

कोन नजरेने मोजू नये. फिजिओथेरपिस्टकडे गोनिओमीटर असतो. घरी मी टाच कोठवर आली ते चादरीवर बॉलपेनने खूण करून पाहत असे आणि ती निळ्या रेघांची चादर अजून आमच्या कपाटात आहे. रेघ दोन-तीन दिवस पुढे सरकली नाही तर घाबरू नये आणि सरकावी म्हणून कोणाला वरून दाबायला तर मुळीच लावू नये. गावोगावच्या मालीशवाल्यांना आणि हाडवैद्यांना या काळात गुडघ्याजवळ येऊ देऊ नये, हे मी स्पष्टच लिहितो.

टाक्यांची जागा पूर्ण सुकल्यावर वाटी दोन बोटांत धरून हळुवारपणे डावी-उजवीकडे सरकवायला शिकवतात. ती सरकत राहिली तर आतले पापुद्रे चिकटत नाहीत. हे काम टीव्ही पाहतानाही करता येते.

ब्रेस सुटल्यावर

सहा आठवड्यांनंतर ब्रेसची बिजागरी टप्प्याटप्प्याने उघडतात आणि येथून पथ्याची दिशा बदलते. आतापर्यंत धोका घाईचा होता. आता धोका भीतीचा असतो. दीड महिना 'वाकवू नका' ऐकलेला माणूस परवानगी मिळाल्यावरही पाय दांड्यासारखा ओढत चालतो आणि कमरेतून फेकून टाकतो. मी तीन आठवडे असाच चाललो, आणि गुडघा ठीक असताना कंबर धरली.

पहिले उद्दिष्ट पाय सरळ ठेवून उचलणे, हे असते. उचलताना टाच वर येते, पण गुडघा काही अंश लोंबतो, याला फिजिओथेरपिस्ट 'लॅग' म्हणतात. तो जाईपर्यंत ब्रेस पूर्ण सोडू नये, कारण असा गुडघा चालताना अचानक दगा देतो. मांडीचा स्नायू जागा व्हावा म्हणून विजेचे हलके झटके देणारे यंत्रही वापरतात. वाटीच्या पंधरा सेंटीमीटर वर टेपने घेर मोजून तो दर पंधरवड्याला वहीत लिहावा. माझ्या दोन मांड्यांत साडेचार सेंटीमीटरचा फरक पडला होता, आणि तो आकडा डोळ्यांसमोर असल्यामुळेच कंटाळवाणे व्यायाम टळले नाहीत.

कोनांचा व्यवहाराशी संबंध माहीत असला की उद्दिष्टे नीट ठरतात. सपाट रस्त्यावर नीट चालायला गुडघा सुमारे साठ-पासष्ट अंश वाकावा लागतो, जिन्याला पंच्याऐंशी-नव्वद, खुर्चीतून सहज उठायला पंच्याण्णवच्या आसपास, आणि व्यायामाची सायकल पूर्ण फिरवायला एकशे पाच-दहा. सायकलवर पहिल्यांदा बसाल तेव्हा सीट उंच ठेवून पायडल पूर्ण न फिरवता मागे-पुढे झुलवावे, काही दिवसांत ते आपोआप एक फेरा पूर्ण करते. त्यानंतर भिंतीला पाठ लावून थोडेसे खाली सरकणे, खुर्चीवरून हातांच्या मदतीने आणि मग मदतीशिवाय उठणे, दहा सेंटीमीटर उंचीच्या फळीवर चढणे-उतरणे, असे वाढवत न्यावे. जिममधले पाय लाथेसारखा पुढे उचलण्याचे वजनाचे यंत्र मात्र फिजिओथेरपिस्ट सांगेपर्यंत दूर ठेवावे, कारण त्यात सगळा भार थेट कंडरेवर येतो.

किती केले म्हणजे जास्त झाले, याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. उठल्यावर गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजलेला किंवा ताठ असेल तर त्या दिवशीचे प्रमाण निम्मे करावे, पूर्ण बंद करू नये.

कुबडी सोडण्याची कसोटी दिवसांची नसून लंगडण्याची आहे. लंगडत चालायचे असेल तर एक काठी, विरुद्ध हातात, ठेवावी. उजव्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर मोटार चालवण्याचा विचार, ब्रेक जोरात आणि वेळेवर दाबता येतो हे उभ्या गाडीत पाहून आणि डॉक्टरांना विचारूनच करावा. दुचाकीसाठी त्याहून अधिक थांबावे लागते, कारण सिग्नलवर गाडी कलली की सगळे वजन एका पायावर येते, आणि ते डाव्या-उजव्याचा विचार करून येत नाही.

तीन महिन्यांनंतर

बाराव्या आठवड्याच्या सुमारास बहुतेकांचा गुडघा जवळजवळ पूर्ण वाकतो आणि लोकांच्या लेखी तुम्ही बरे झालेले असता. ताकद मात्र अर्धीही परतलेली नसते. फिजिओथेरपी सोडून देण्याचे प्रमाण मी जेथे जात होतो तेथे या टप्प्यावर सर्वांत जास्त दिसले, आणि वर्षानंतरही जिना उतरताना कठडा शोधणारे बहुधा त्यांतलेच होते.

पळणे साधारणपणे चार ते सहा महिन्यांनी, तेही जिना विनाआधार उतरता येत असेल तर, आणि उड्या किंवा अचानक वळण्याचे खेळ सहा ते नऊ महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा सुरू करतात. त्याआधी दोन्ही पायांची ताकद यंत्रावर मोजून दुखरा पाय चांगल्याच्या निदान पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर आला आहे का, ते पाहतात. ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो याची वाटीखालची कंडरा नोव्हेंबर १९९९ मध्ये फाटली. शस्त्रक्रियेनंतर एप्रिल २००० मध्ये तो मैदानात परतला आणि काही मिनिटांतच ती पूर्ण तुटली. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा सगळे पहिल्यापासून. २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यांतले दोन अंतिम सामन्यात.

आपल्यापैकी बहुतेकांची उद्दिष्टे याहून घरगुती असतात : मांडी घालून पंगतीत बसणे, देवापुढे गुडघे टेकणे, उकिडवे बसून भाजी निवडणे. मांडी घालण्याचा सराव चौथ्या-पाचव्या महिन्यात, आधी पलंगावर आणि गुडघ्याखाली लोड घेऊन करावा. जमिनीवर बसायला शिकताना आधी पाट, मग दुमडलेली सतरंजी, मग जमीन असे उतरत जावे आणि उठण्यासाठी समोर जड खुर्ची ठेवावी. गुडघे टेकणे सर्वांत शेवटी जमते, कारण शिवणीचा व्रण नेमका तेथेच येतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढी जागा बधिर राहते, ती काहींच्या बाबतीत कायमची असते आणि तिने काही बिघडत नाही.

पूर्ण उकिडवे बसणे मला चौदाव्या महिन्यात साधले, तेही टाचा किंचित उचलून. दुसऱ्या गुडघ्याची काळजीही याच काळापासून घ्यावी : ज्या मधुमेहाने किंवा युरिक ॲसिडने एक कंडरा झिजवली, त्याने दुसरी सोडलेली नसते, म्हणून या तपासण्या वेळापत्रकाने कराव्यात आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर प्रतिजैविक लिहिण्यापूर्वी 'माझी कंडरा तुटली होती' हे आपणहून सांगावे. आमच्या जिन्याच्या त्रेचाळीस पायऱ्यांच्या कडांना आता खरखरीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. त्या दर पावसाळ्याच्या आधी तपासाव्या लागतात, कारण पाणी झिरपले की कोपऱ्यांतून सुटू लागतात.